न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी टीव्हीची अँटेना लावण्याआधी

केबल बंद करून अँटेनावर यायचं ठरलं असेल, तर दुकानात जाण्याआधी एफसीसीच्या (अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेच्या) संकेतस्थळावर डीटीव्ही रिसेप्शन मॅप्समध्ये घरचा पत्ता टाका. कुठलं स्टेशन किती जोरात पोचतं आणि टॉवर कुठल्या दिशेला आहे, हे तिथे दिसतं. स्टेशनच्या नावावर क्लिक केलं की त्याचा खरा आरएफ चॅनेल, म्हणजे प्रत्यक्ष प्रसारण ज्यावर होतं तो आकडाही कळतो. तो लिहूनच ठेवा, कारण टीव्हीवर दिसणारा आकडा वेगळा असू शकतो. न्यूयॉर्कचं एनबीसी ४ म्हणून दिसतं, पण येतं यूएचएफच्या, म्हणजे जास्त कंप्रतेच्या पट्ट्यातल्या ३५ वर. एबीसी मात्र खरोखरच ७ वर आणि डब्ल्यूपीआयएक्स ११ वर आहे, म्हणजे व्हीएचएफ या कमी कंप्रतेच्या पट्ट्यात.

अँटेना निवडायची ती याच कागदावरून. खोक्यावरच्या मैलांच्या आकड्याला भुलू नका. एडिसनहून मॅनहॅटन सरळ रेषेत जेमतेम २५ मैल आहे. इथे अंतरापेक्षा अँटेनाच्या दांड्यांची लांबी महत्त्वाची. चॅनेल ७ ची तरंगलांबी सुमारे १.७ मीटर, म्हणून तिच्या निम्मी, साधारण ८५ सेंटीमीटर लांबीची दांडी लागते. ३५ चं काम २५ सेंटीमीटरमध्ये भागतं. त्यामुळे काचेला चिकटवायच्या पातळ अँटेनावर एनबीसी लख्ख दिसतं आणि एबीसीचे चौकोन होऊन चित्र अडकतं. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या भागात हाय-व्हीएचएफच्या (चॅनेल ७ ते १३) लांब दांड्या असलेलीच अँटेना घ्या, दिसायला ती कितीही बोजड असो.

फिलाडेल्फियाही हवं असेल तर नीट विचार करा. ते नैऋत्येला, न्यूयॉर्क ईशान्येला; एका दिशेची अँटेना दोन्हीकडे बघू शकत नाही. शिवाय तिथलं एबीसी खरोखरच ६ वर येतं, एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या अगदी खाली, आणि त्याला पावणेदोन मीटरची दांडी लागते. मी न्यूयॉर्कवर समाधान मानेन.

जागेसाठी आधी पोटमाळा बघा. इन्सुलेशनला चंदेरी फॉइल किंवा भिंतीला ॲल्युमिनियमचं साइडिंग असेल, तर सिग्नल तिथेच अडतो. खिळे ठोकण्याआधी तात्पुरती केबल जोडून टीव्हीच्या मेनूतला सिग्नल मीटर कुणाला तरी वाचायला सांगा आणि अँटेना फूट-फूट सरकवत जा. एवढ्याशा हालचालीनेही फरक पडतो. बाहेर लावायची असेल तर विजेच्या तारांपासून लांब राहा आणि अर्थिंग करून घ्या. एचओएने (घरमालकांच्या संघटनेने) हरकत घेतली तर एफसीसीचा १९९६ चा नियम दाखवा: ज्या बाल्कनीचा किंवा छताचा वापर फक्त तुमच्याकडे आहे, तिथे त्यांना सरसकट बंदी घालता येत नाही. सामायिक गच्चीला मात्र हा नियम लागू नाही.

केबल आरजी-६ च घ्या. कनेक्टर बसवताना बाहेरच्या जाळीचा एखादा केसही मधल्या तांब्याच्या तारेला टेकता कामा नये. टेकला की सगळंच गेलं. दोन टीव्हींसाठी स्प्लिटर लावला की सिग्नल निम्म्याहून कमी उरतो, म्हणून आधी एकाच टीव्हीवर सगळं जमवा. अँप्लिफायर आत्ता घेऊ नका. टॉवर इतके जवळ असताना जोरदार सिग्नलने तोच गुदमरतो आणि येणारे चॅनेलही जातात.

शेवटी टीव्हीवर चॅनेलचा पूर्ण स्कॅन करा, आणि अँटेनाची जागा बदलली की पुन्हा करा. स्कॅन झाला की आधी ७ आणि ११ लावून बघा.