खाडीत उतरून खारफुटी कशी बघावी : झाडं-जीव खाऱ्या चिखलात कसे तगतात ते स्वतः पडताळण्यासाठी

शाळेत ‘अनुकूलन’ शिकवताना उंट, निवडुंग आणि ध्रुवीय अस्वल यांच्यापलीकडे कुणी जात नाही. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्याला इतक्या लांबच्या उदाहरणांची गरजच नाही. घराजवळच्या खाडीत झाडाला हवा न देणारा चिखल आहे, तहान न भागवणारं पाणी आहे आणि दिवसातून दोनदा बुडणारी जमीन आहे. तिथे जे जगलंय ते बघायला एक सकाळ पुरते. मात्र बघायची पद्धत नीट हवी, नाहीतर वाचलेली वाक्यंच डोळ्यांपुढे दिसत राहतात.

१. तिथी बघून दिवस ठरवा

कोळीवाड्यात कुणालाही विचारा, हिशोब तोंडपाठ असतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते आणि तिच्यापुढे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती आणि नऊला पूर्ण ओहोटी. अष्टमीला ओहोटी बाराला येते, पण ते भांगाचे दिवस. पाणी फारसं मागे हटत नाही आणि बघण्याजोगा चिखल उघडाच पडत नाही. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी धरा. उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान मिळते. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा हटतं, एवढं लक्षात ठेवा. महिना नोव्हेंबर ते मे यांतला निवडा. पावसात पानं धुतली जातात आणि खालचा मुख्य प्रयोगच होत नाही.

२. पायात जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट

चपला चिखल गिळतो. अनवाणी गेलात तर कालवांच्या शिंपल्या तळवे चिरतात. ओहोटीच्या अर्धा तास आधी उतरा आणि भरती लागली की लगेच मागे फिरा. जागा अनोळखी असेल तर एकट्याने जाऊ नका. चिखलात उतरायचंच नसेल तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचतगट होडीतून फेरी घडवतो, तिथूनही बरंच दिसतं.

३. आधी चिखल, मग मुळं

चिखलात बोट खुपसा. वरचा थर तपकिरी आणि जेमतेम असतो, त्याखाली काळं आणि कुजक्या अंड्यासारखा वास. वासाचा अर्थ असा की खाली प्राणवायू नाही. आता तिवर या खारफुटीच्या झाडाभोवती बघा. जमिनीतून पेन्सिलीसारखी हजारो मुळं वर आलेली असतात, वीतभर उंच. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात. भरतीत मूळ बुडलं की आतला प्राणवायू वापरला जातो, दाब उतरतो आणि पाणी हटताच हवा आत ओढली जाते. शोलांडर या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये कांदळाच्या गटातल्या खारफुटीच्या मुळांवरची अशीच छिद्रं ग्रीस लावून बंद केली, तेव्हा मुळांतला प्राणवायू घटत गेला. पांढऱ्या चिप्पीची मुळं जाड आणि शंकूसारखी असतात. हीच चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा कांदळवन वृक्ष आहे. कांदळ मात्र खोडातूनच कमानी टाकतं. गरज एक, पण उपाय तिघांचे वेगळे. या मुळांवर पाय देऊ नका, मोडलेलं मूळ म्हणजे झाडाचा बुजवलेला श्वास.

४. मीठ : इथे घाई चालणार नाही

बहुतेक जण फसतात ते या टप्प्यावर. मलाही यानेच सर्वांत जास्त छळलं. ‘तिवराचं पान चाटून बघा, खारट लागेल, म्हणजे झाड मीठ बाहेर टाकतं’ असं सर्रास सांगितलं जातं. हा सल्ला निरुपयोगी आहे. खाडीकाठी वाऱ्याबरोबर उडणाऱ्या तुषारांनी सगळंच खारट झालेलं असतं. पान चाटा, होडीची कड चाटा, स्वतःचा हात चाटा, चव तीच. चवीवरून कळतं ते एवढंच की मीठ आहे. ते आलं कुठून, हे कळत नाही.

ते कळण्यासाठी शेजारी लागतो. तिवर आणि कांदळ एकमेकांजवळ उभे असतील अशी जागा शोधा. खोडांवर चिखलाची रेघ दिसते, भरती कुठवर चढते ते ती सांगते. त्या रेघेच्या हातभर वर, दोन्ही झाडांची एकाच उंचीवरची, एकाच दिशेला तोंड असलेली निरोगी पानं निवडा, दोन-दोन तरी. देठाला सैल दोरा बांधा. घरून आणलेल्या गोड्या पाण्याने पान दोन्ही बाजूंनी धुवा आणि सुती कापडाने टिपून कोरडं करा. तिवराच्या पानाची खालची बाजू पांढुरकी, लवदार असते. ती चोळू नका, हलकेच टिपा. मग पान तसंच झाडावर सोडा.

काही जण तुषार लागू नयेत म्हणून पानाला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. अजिबात बांधू नका. पानातून निघणारी वाफ पिशवीत साचते, पाण्याचे थेंब होतात आणि त्यांत मीठ विरघळून जातं. मग पिशवीतल्या खाऱ्या पाण्याकडे बघत बसावं लागतं. तुषार लागले तर लागू देत, ते दोन्ही झाडांना सारखेच लागणार आहेत. सगळा प्रयोग या ‘सारखेच’वर उभा आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पहाटे दमट हवेत तिवराच्या पानावर बारीक थेंब दिसतील, ऊन चढलं की त्यांच्या जागी पांढरे कण. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर वरच्या बाजूला बारीक खळगे दिसतात. मिठाच्या ग्रंथी त्या खळग्यांत असतात. आता कांदळाचं पान बघा, गुळगुळीत आणि जवळजवळ स्वच्छ. वारा, उंची, ऊन सगळं तेच असूनही तिवरावर जे जास्तीचं मीठ दिसतं ते आतून आलेलं आहे. असं म्हणायचा हक्क आता तुम्हाला मिळाला, चाटून मिळाला नव्हता.

इथे आणखी एक चुकीची शिकवण सोडायला हवी. ‘काही झाडं मीठ मुळाशी गाळतात, काही पानांतून टाकतात’ अशी सरळ वाटणी पुस्तकात असते. प्रत्यक्षात तिवरही बहुतेक मीठ मुळाशीच अडवतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असलेलं समुद्राचं पाणी जसंच्या तसं आत घेतलं तर कुठलंच पान टिकणार नाही. गाळूनही जे थोडं आत येतं, त्यासाठी तिवराकडे ग्रंथी आहेत, कांदळाकडे नाहीत. काजळा आणि मारांडी या खारफुटींकडेही आहेत, हाच प्रयोग त्यांच्यावर करून बघा. पिवळं पान दिसलं की ‘मीठ साठवून टाकून दिलेलं पान’ असं म्हणण्याची घाईही करू नका. झाडाची म्हातारी पानं तशीही पिवळी पडतात. त्याच फांदीवरच्या हिरव्या पानाशी तुलना केल्याशिवाय पिवळेपणातून काहीच सिद्ध होत नाही.

आणि खारफुटीला खारं पाणी आवडतं, हेही खरं नाही. यांतली बरीच झाडं गोड्या पाण्यातही वाढतात. खाऱ्या चिखलात त्यांच्याशी स्पर्धा करायला दुसरं झाड नसतं, म्हणून ती तिथे दिसतात.

तोडल्यावर दुधासारखा चीक येणाऱ्या हुरी या खारफुटीच्या झाडाला हात लावू नका. तो डोळ्यांत गेला तर दृष्टीला धोका असतो.

५. निवट्यांसाठी स्थिर उभे राहा

पाच-दहा मिनिटं हलू नका, निवटे आपोआप बिळांतून बाहेर येतात. मासा असून हा चिखलावर उड्या मारतो. कातडी आणि तोंडाचं अस्तर ओलं असेपर्यंत त्यांतूनच प्राणवायू घेतो. मधूनच कुशीवर लोळताना दिसला तर तो अंग ओलं करतोय. डोळेही बघा, क्षणभर खोबणीत ओढून घेतो आणि ओले करून पुन्हा वर काढतो. बाजूलाच एक नांगी भलीमोठी असलेला खेकडा दिसेल, तो नर. खायला त्याला लहान नांगीच कामी येते, मोठी मादीला खुणावायला आणि भांडायला.

६. कांदळाच्या शेंगा

कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि हातभर लांब हिरवा दांडा खाली लटकतो. तो भाल्यासारखा सुटतो आणि थेट चिखलात रुततो, ही गोष्ट सगळ्यांना आवडते. ओहोटीला खाली मऊ चिखल असेल तर काही रुततातही. पण झाडाखाली बघा, कितीतरी आडवे पडलेले असतात. भरतीत पडलेले तरंगत दूर जातात आणि थेट रुतून बसणाऱ्याला ते जमलं नसतं. झाडावरून तोडू नका. पडलेली एखादी शेंग खाडीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवा, कशी तरंगते ते रोज लिहा : आडवी, तिरकी की उभी. मुळांची टोकं दिसू लागली की पुढच्या ओहोटीला, जिथून उचलली तिथेच, जाड टोक खाली करून बोटभर खोल खोचून या.