कुटुंबासाठी क्रूझची केबिन कशी निवडावी: आधी बर्थ मोजा, मग खिडकी बघा

क्रूझ ठरली की घरात पहिला वाद बाल्कनीवरून होतो. ‘समुद्र दिसणार नसेल तर जायचं कशाला?’ असं कुणीतरी म्हणतं, एजंट लगेच बाल्कनीचं कोटेशन पाठवतो आणि चौघांचं कुटुंब एका खोलीत कोंबलं जातं. मुलं सोबत असतील तर दृश्य ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे, हे माझं ठाम मत आहे. कोण कुठे झोपणार, एक बाथरूम किती जणांत वापरणार, डोक्यावर आणि पायाखाली काय आहे, हे आधी ठरवा. खिडकी त्यानंतर.

तारखा, बजेट आणि ओळखपत्रं तुम्ही पाहिली आहेत असं धरून चालते.

जहाज कोणत्या काळातलं आहे ते बघा

‘बाल्कनीच घ्या’ किंवा ‘आतली, म्हणजे बिनखिडकीची खोलीच पुरे’ असे सरसकट सल्ले कामाचे नाहीत, कारण जहाजागणिक खोली बदलते. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये सां-नाझेरला बांधलं गेलं. त्याचं मूळ नाव नॉर्डिक एम्प्रेस. मायामीहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठी ते बनवलं होतं. प्रवासी खोलीत फक्त झोपायला येणार असा हिशेब असल्यामुळे खोल्या लहान आहेत. त्या काळी बाल्कनीची पद्धतही रुळलेली नव्हती, त्यामुळे बाल्कन्या मोजक्या आणि त्याही महागड्या वर्गात. सिंगापूरहून सुटणारं गेंटिंग ड्रीम २०१६ चं, ३३५ मीटर लांब. तिथे निम्म्याहून जास्त खोल्यांना बाल्कनी आहे आणि आतून दार असलेल्या जोडखोल्याही मिळतात. गेंटिंग ड्रीमवर जाऊन आलेल्या मावशीचा सल्ला एम्प्रेसला लावू नका, आणि उलटही करू नका.

झोपायची जागा: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते आणि मलाही ही पायरी नीट समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कंपनीच्या पानावर ‘कमाल ४ प्रवासी’ एवढंच लिहिलेलं असतं. ते चार जण झोपणार कसे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

सर्वसाधारण रचना अशी: खाली दोन पलंग, आणि भिंतीतून किंवा छतातून उघडणारे एक किंवा दोन बर्थ. यांना पुलमन बर्थ म्हणतात. रेल्वेच्या अप्पर बर्थची कल्पना केली तर चुकणार नाही. काही खोल्यांत तिसऱ्यासाठी सोफा-बेड असतो. आता यातले बारकावे बघा. खालचे दोन पलंग जोडून डबल बेड होतो, पण वरचे दोन्ही बर्थ उघडले की बऱ्याच खोल्यांत ते वेगळेच ठेवावे लागतात, कारण शिडी लावायला जागा हवी. सोफा-बेड उघडला की चालायची जागा संपते आणि रात्री बाथरूमला जाणारा माणूस दुसऱ्याच्या पायांवरून जातो. वरचा बर्थ उघडा असताना खालच्या पलंगावर ताठ बसता येत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला किंवा अंगाबांध्याने मोठ्या काकांना शिडी चढणं जमणार नाही, हे त्यांनी संकोचाने सांगितलं नाही तरी आपण समजून घ्यायला हवं. सहा वर्षांखालच्या मुलाला मी वरच्या बर्थवर झोपवत नाही. कठडा असला तरी नाही. जहाज हलतं, आणि अर्धवट झोपेत उतरणाऱ्या मुलाला शिडी दिसत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी एजंटला लेखी विचारा: या नंबरच्या खोलीत तिसरा आणि चौथा बर्थ कोणत्या प्रकारचा आहे? ते उघडल्यावर खालचे पलंग जोडलेले राहतात का? बाळासाठी खाट मिळते का, आणि ती ठेवल्यावर बाथरूमचं दार उघडतं का? ‘सगळं होऊन जाईल, मॅडम’ हे उत्तर धरू नका. खोलीचा नंबर आणि बर्थचा प्रकार हेच उत्तर.

आणखी एक सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे: ‘आत्ता दोघांचं बुकिंग करा, मुलांची नावं नंतर घालू, बर्थ तर आहेतच.’ खोलीत बर्थ असणं आणि तो विकायला उपलब्ध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जहाजाच्या प्रत्येक भागातल्या प्रवाशांना आणीबाणीत जमण्याचं ठरावीक ठिकाण असतं आणि तिथल्या जीवरक्षक नौकांची माणसं वाहून नेण्याची मर्यादा ठरलेली असते. त्या भागातला आकडा भरला की तुमच्या खोलीतला वरचा बर्थ रिकामा असूनही कंपनी तो देऊ शकत नाही. तान्हं बाळसुद्धा या मोजणीत एक माणूस म्हणून धरलं जातं. म्हणून सगळ्यांची नावं, बाळासकट, पहिल्याच दिवशी घाला. तिघा-चौघांच्या खोल्या मुळात कमी असतात आणि शाळांच्या सुट्ट्यांत त्या आधी संपतात.

बाळाचं वयही तपासा. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, आणि गरोदरपणाचे चोवीस आठवडे उलटले असतील तर आईलाही नाही.

एक मोठी खोली की दोन लहान?

चौघांसाठी माझी पसंती नेहमी दोन आतल्या खोल्यांना, एका बाल्कनीवाल्या खोलीला नाही. कारण बाथरूम. संध्याकाळी पोहून आलेली मुलं, जेवणाची ठरलेली वेळ आणि चार अंघोळी, सगळं एका चिंचोळ्या बाथरूममध्ये म्हणजे रोजची भांडणं. शिवाय मुलं नऊला झोपली की आईबाबांनी अंधारात मोबाइलच्या उजेडात बसायचं, ही कसली सुट्टी?

खर्चाचा हिशेब मात्र नीट मांडा. भाडं माणशी असतं, तेही खोलीत दोघं आहेत असं धरून. तिसऱ्या-चौथ्याला सहसा सवलत मिळते. समजा, बाल्कनीत पहिल्या दोघांना माणशी ५०,००० आणि पुढच्या दोघांना २०,००० रुपये, तर एकूण १,४०,०००. आतली खोली माणशी ३२,००० असेल तर दोन खोल्यांचे १,२८,०००. हे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. तुमच्या तारखांना गणित उलटही येऊ शकतं. बंदर शुल्क, कर आणि सेवा शुल्क चौघांनाही लागतात का ते विचारून बेरीज करा. पाच जण असतील तर एका खोलीत एकटं कुणाला ठेवू नका, कारण एकट्यालाही बहुधा दोघांच्या जवळपास भाडं पडतं.

दोन खोल्या घेताना भाषा अचूक हवी. ‘शेजारच्या’ म्हणजे लागून असलेल्या खोल्या, पण ये-जा बाहेरच्या पॅसेजमधूनच. ‘कनेक्टिंग’ म्हणजे मध्ये दार असलेल्या. मुलं दहाच्या आतली असतील तर कनेक्टिंगच घ्या. मुलं मोठी असतील तर समोरासमोरच्या खोल्याही छान: बाहेरच्या बाजूला खिडकीवाली आजी-आजोबांना आणि समोर आतली स्वस्त खोली आपल्याला. आणि अनोळखी कुटुंबाच्या खोलीला जोडणारी कनेक्टिंग खोली घेऊ नका. मधल्या दारातून त्यांचा टीव्ही आणि खोकला दोन्ही ऐकू येतात.

‘एकाच डेकवर (म्हणजे जहाजाच्या एकाच मजल्यावर) देतो’ हे आश्वासन पुरेसं नाही. आमच्या एका प्रवासात एजंटने हेच सांगून एक खोली जहाजाच्या पुढच्या भागात आणि दुसरी पार मागे दिली होती. एम्प्रेससारखं लहान जहाजसुद्धा दोनशे मीटरहून लांब आहे. रात्री तापाने कण्हणारं मूल एका टोकाला आणि औषधांची पिशवी दुसऱ्या टोकाला, ही वेळ कुणावर येऊ नये. त्यानंतर मी ‘गॅरंटी’ भाडं कुटुंबासाठी घेतलेलं नाही. त्यात फक्त खोलीचा वर्ग नक्की असतो, नंबर कंपनी नंतर ठरवते. दोघंच जाणार असाल तर घ्या, पैसे वाचतात. मुलं असतील तर नाही.

दोन खोल्या असल्या की कंपन्या सहसा प्रत्येकीत एका प्रौढाचं नाव मागतात. आई एका खोलीत आणि बाबा दुसऱ्या, असं नोंदवा. चढल्यावर कोण कुठे झोपायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, रिसेप्शनवर जास्तीचं किल्लीकार्ड मागा, आणि मूल ज्या खोलीत प्रत्यक्ष झोपणार तिथे लहान मापाचं लाइफ जॅकेट आहे ना हे पहिल्याच दिवशी बघून घ्या.

डेकचा नकाशा वाचा

नंबर हातात आला की वेबसाइटवर तीन नकाशे उघडा: तुमचा डेक, त्याच्या वरचा आणि त्याच्या खालचा. नंबरचे पहिले एक-दोन आकडे डेकचे असतात आणि पुढचे आकडे बहुधा पुढच्या टोकाकडून मागे वाढत जातात. डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा बुफे असेल तर ती खोली सोडा. पहाटे खुर्च्या सरकवायचा आवाज थेट छतातून येतो. पायाखाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठोके ऐका. नकाशावर पांढरी, नाव नसलेली जागा दिसली तर तिथे स्वयंपाकघर किंवा नोकरवर्गाचं सामान असू शकतं, तिच्यापासूनही लांब राहा. वर, खाली आणि दोन्ही बाजूंना खोल्याच असतील तर उत्तम.

अगदी पुढच्या टोकाच्या खालच्या खोल्यांजवळ नांगराची साखळी आणि धक्क्याला लागताना वापरायची यंत्रं असतात. भल्या सकाळी गडगडाट होतो आणि लहान मुलं दचकून उठतात.

बोट लागण्याची भीती असेल तर खालचा डेक आणि मधला भाग. ‘नव्या जहाजांना स्टॅबिलायझर असतात, काही होत नाही’ हे अर्धसत्य आहे. स्टॅबिलायझर डाव्या-उजव्या डोलण्याला आवर घालतात. पुढचं टोक लाटेवर चढून खाली येतं ते थांबवू शकत नाहीत. म्हणून टोकाच्या आणि वरच्या खोल्यांत जास्त हलतं. गंमत अशी की महागडे सुइट बऱ्याचदा तिथेच असतात. ज्यांना गाडी लागते त्यांना बिनखिडकीची खोली देऊ नका. क्षितिज दिसलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं.

आजी-आजोबांसाठी लिफ्ट जवळ हवी, पण अगदी लिफ्टसमोर नको. चाकाची खुर्ची असेल तर साध्या केबिनचं दार अरुंद पडतं आणि बाथरूमला उंबरा असतो. त्यासाठीच्या खास खोल्या मोजक्या असतात, त्या सगळ्यात आधी पकडा.

खिडकी आणि बाल्कनी

आता दृश्य. खिडकीवाली खोली घेताना ‘अंशतः अडथळा’ असा शेरा आहे का बघा. तो असेल तर समोर समुद्राऐवजी जीवरक्षक नौकेचं पोट दिसेल. पाच वर्षांखालचं मूल असेल तर मी बाल्कनी सुचवणार नाही. तिथल्या खुर्चीवर चढायला मुलाला क्षण लागतो, आणि सतत पहारा द्यायचा तर बाल्कनीचा आनंद उरत नाही. तरीही घेतलीत तर दाराची वरची कडी तपासा आणि खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवा.

कुठली बाजू घ्यावी, यावर लोक फार वाद घालतात. मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डावीकडे आणि सूर्यास्त उजवीकडे, परतताना दोन्ही उलट. किनाऱ्यापासून लांब, तेही बराच वेळ रात्री जाणाऱ्या जहाजावर बाजूसाठी जादा पैसे देऊ नका. सूर्यास्त बघायला वरचा डेक सगळ्यांना मोकळा आहे, आणि मुलांना तिथेच जास्त आवडतं.

सामान

आतल्या खोलीत दिवसाही मिट्ट काळोख असतो, बाळासाठी छोटा नाइट लॅम्प न्या. भिंती बहुतेक पत्र्याच्या असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक चिकटतात आणि ओले कपडे टांगता येतात. विजेची किटली आणि इस्त्री नेऊ नका, चढतानाच काढून घेतात. उपम्याचं पाकीट नेलंत तर गरम पाणी बुफेतून आणा.

शेवटचं काम: अपग्रेडला नाही म्हणा

बुकिंग झाल्यावर एजंटला मेल करा की आम्हाला विचारल्याशिवाय खोली बदलू नये, फुकट अपग्रेड असला तरी. कंपन्या रिकाम्या वरच्या वर्गात प्रवासी हलवतात. दोनपैकी एक खोली वरच्या डेकवर गेली की इतक्या मेहनतीने मिळवलेल्या शेजारच्या खोल्या तुटतात. निघण्याच्या आठवडाभर आधी तिकिटावरचे दोन्ही नंबर पुन्हा नकाशावर ताडून बघा. बदललेले दिसले तर त्याच दिवशी फोन करा, कारण बंदरावर पोहोचेपर्यंत जहाज भरलेलं असतं आणि काउंटरवरच्या माणसाकडे द्यायला दुसरी खोली नसते.