रूनशिळांच्या अभ्यासात यायचं असेल तर

स्वीडनमधल्या उप्सालात शिकायला आल्यापासून भारतातल्या विद्यार्थ्यांचे मेल अधूनमधून येतात: "रून लिपीवर संशोधन करायचंय, सुरुवात कुठून करू?" रून ही उत्तर युरोपातली जुनी लिपी, आणि रूनशिळा म्हणजे त्या लिपीतले लेख कोरलेले दगड. बहुतेकांनी लिपी आधीच पाठ केलेली असते. पण लिपी हा या विषयातला सर्वांत सोपा भाग आहे. व्हायकिंग काळातल्या मालिकेत अवघी 16 चिन्हं. चार दिवसांत हातात बसतात.

अडचण पुढे आहे. भाषेत ध्वनी पुष्कळ आणि चिन्हं कमी, म्हणून उ आणि ओ यांना एकच चिन्ह, क आणि ग यांना एकच, त आणि द यांनाही तसंच. अनुनासिक पुष्कळदा गाळलेलं. डेन्मार्कमधल्या येलिंगच्या शिळेवर 'कुनुकर' असं कोरलंय, ते 'कोनुंगर' म्हणजे राजा असं वाचायचं. हे चिन्हांवरून कळत नाही, भाषेवरून कळतं. तेव्हा आधी प्राचीन नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची भाषा शिका, विभक्त्यांसकट. शाळेत संस्कृत मन लावून केलं असेल तर इथे त्याचा फार उपयोग होतो. 'अमक्याने तमक्याच्या स्मरणार्थ ही शिळा उभारली' या साच्यातली वाक्यं सगळीकडे भेटतात आणि त्यांत मेलेला कोण, उभारणारा कोण, हे नामाच्या रूपावरूनच ठरतं.

आणि स्वीडिश शिका. याला पळवाट नाही. स्वीडनमधल्या रूनलेखांचे प्रांतवार खंड 1900 पासून निघताहेत आणि ते स्वीडिशमध्ये आहेत. त्यांतले उप्लांड प्रांताचे खंड एलियास वेसेन आणि स्वेन यानसन यांनी 1940 ते 1958 या काळात काढले. त्या एका प्रांतात हजाराहून जास्त लेख आहेत. यानसन पुढे स्टॉकहोमला रूनविद्येचे प्राध्यापक झाले, नंतर देशाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख. पण लोक त्यांना ओळखायचे ते 'रून-यान्ने' म्हणून. मला या विषयातला आदर्श विचाराल तर तेच.

आता प्रत्यक्ष शिळेपाशी. उप्साला विद्यापीठाच्या मुख्य इमारतीलगतच्या बागेत काही रूनशिळा उभ्या आहेत. त्यांतली एक विगमुंड नावाच्या जहाजाच्या कप्तानाने जिवंतपणीच स्वतःच्या नावाने कोरवून घेतली, 'सर्वांत चतुर पुरुष' अशी स्वतःची ओळख देऊन. शेवटी त्याच्या आत्म्यासाठी देवाचा धावाही आहे. आपल्याकडच्या वीरगळांपुढे उभं राहिल्यावर जो प्रश्न पडतो तोच इथे पडतो: हे कुणी, कुणासाठी, कुणाला दिसावं म्हणून केलं?

नवख्या माणसाचं लक्ष आधी लाल रंगाकडे जातं. तो रंग आजच्या लोकांनी भरलेला आहे, म्हणजे ते कुणा अभ्यासकाचं वाचन आहे, पुरावा नव्हे. रंग विसरून खाच पाहायची. सूर्य कलला की, किंवा अंधारात बॅटरी दगडालगत आडवी धरली की, खाचेच्या कडेला सावली पडते आणि भर दुपारी न दिसणारी रेघ उठून दिसते. मग बोट फिरवायचं: ही कोरलेली खाच की दगडाची नैसर्गिक भेग? खात्री नसेल तर लिप्यंतरात त्या अक्षराखाली बिंदू द्यायचा. रूनअभ्यासकाची पारख मी या बिंदूंवरून करते. ज्याच्या वाचनात एकही बिंदू नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

जुनी रेखाटनंही दगडाइतक्याच काळजीने वाचा. योहानेस ब्यूरेउस (1568–1652) गावोगाव फिरून शिळांची चित्रं उतरवून घेत असे. 1630 मध्ये तो स्वीडनचा पहिला राजपुरातत्त्वज्ञ झाला. त्याच्या गूढवादी कल्पना बाजूला ठेवा, पण चित्रं ठेवू नका. कित्येक शिळा नंतर हरवल्या आणि आज त्या फक्त त्याने आणि त्याच्या साथीदारांनी काढलेल्या चित्रांतच उरल्या आहेत.

नोकऱ्यांविषयी स्पष्ट सांगते: फार थोड्या आहेत. विद्यापीठं, स्टॉकहोमचं पुरातत्त्व खातं, ऑस्लो आणि कोपनहेगनची संग्रहालयं, एवढाच पसारा. त्यामुळे नॉर्डिक भाषाशास्त्र किंवा पुरातत्त्व यांतली पक्की पदवी हवीच. स्वीडनमध्ये युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना एम.ए.ची फी भरावी लागते. पीएच.डी.ला मात्र फी नाही, बहुतेक वेळा ती पगारी नोकरीच असते. जागा निघते तेव्हाच अर्ज करता येतो. काम संपलेलं नाही, याची खात्री बाळगा. नॉर्वेत 2021 मध्ये स्विंगेरुडची शिळा सापडली, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. तिच्यावरच्या 'इदिबेरुग' या अक्षरांचा नक्की अर्थ अजून लागलेला नाही.

आणि रून टाकून भविष्य सांगण्याच्या नादी लागू नका. त्या बाजाराचा या अभ्यासाशी संबंध नाही.

स्कँडिनेव्हियातल्या रूनलेखांचा डेटाबेस इंटरनेटवर फुकट आहे. त्यातली छायाचित्र असलेली एक शिळा निवडा, दिलेलं वाचन झाकून स्वतः वाचा, मग ताडून पाहा. मार्गदर्शकाला पहिला मेल लिहाल तेव्हा व्हायकिंगांविषयीची ओढ दोन ओळींत आटपा आणि हे वाचन सोबत जोडा, बिंदूंसकट.