भंगारातल्या जीपपासून ऑफ-रोड गाडी: सुरुवात अ‍ॅक्सलपासून

भंगारात जुनी जीप दिसली की हात आपसूक बॉनेटकडे जातो. इंजिन फिरतंय का, तेल किती काळं पडलंय, हे बघण्यात तास जातो आणि गाडीखाली वाकून कोणी बघत नाही. माझी पहिली गाडी मी अशीच बांधायला घेतली. आधी इंजिन आणलं, मग त्याला बसणारा गिअरबॉक्स, मग ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी), आणि सगळं चेसिसवर चढवल्यावर कळलं की पुढच्या अ‍ॅक्सलचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) भलत्याच बाजूला आहे. सहा महिन्यांचं काम उलटं फिरवावं लागलं. तेव्हापासून मी जमिनीकडून वर बांधत जातो आणि इंजिन अगदी शेवटी निवडतो.

पैसे देण्याआधी एकच गोष्ट: चेसिसवरचा नंबर वाचता येतो का आणि कागदांशी जुळतो का ते बघा. नंबर घासलेला असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या.

अ‍ॅक्सलची जोडी

सीटवर पुढे तोंड करून बसल्यावरची बाजू धरू. विलिस एमबी या युद्धकाळातल्या जीपपासून १९७१ पर्यंतच्या सीजे या नागरी जीपपर्यंत डेना १८ ट्रान्सफर केस यायचा. त्याचे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारे दोन्ही शाफ्ट उजवीकडे निघतात, म्हणून मागच्या अ‍ॅक्सलचा गोळाही मध्यापासून उजवीकडे सरकलेला दिसतो. १९७२ च्या सीजेत डेना २० आला आणि मागचा गोळा मध्यावर गेला. पुढचा उजवीकडेच राहिला. सीजेनंतर आलेल्या १९८७ च्या रँग्लरपासून पुढचा गोळा डावीकडे गेला. म्हणजे रँग्लरचा पुढचा अ‍ॅक्सल आणि जुन्या सीजेचा ट्रान्सफर केस एकत्र नांदणार नाहीत. शक्य असेल तर दोन्ही अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केस एकाच गाडीचे घ्या. मोडक्या गाडीचे का असेनात, पण एकत्र संसार केलेले हवेत.

दुसरी अट, पुढचा आणि मागचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, एकच हवा. पाटी गंजलेली असली तरी रेशो खडूने मोजता येतो. अ‍ॅक्सल घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, एक चाक बांधून टाका, दुसरं मोकळं सोडा. पिनियनच्या योकवर (शाफ्ट जिथे जोडतो त्या तोंडावर) आणि मोकळ्या चाकावर खुणा करा आणि योक हाताने फिरवा. चाकाचे दोन फेरे पूर्ण होईपर्यंत योकचे जितके फेरे झाले, तोच रेशो. दोन फेरे का, तर एक चाक अडवलं की डिफरन्शियल दुसऱ्याला दुप्पट फिरवतो. पाच फेरे आणि वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त आलं तर तो जुन्या सीजेतला ५.३८. पुढे फ्री-व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर मोजण्याआधी लॉक करा, नाहीतर योक फिरेल आणि चाक ढिम्म राहील. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ अशी जोडी लावली, तर फोर-व्हील घालताच पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतील आणि सगळा ताण ट्रान्सफर केसच्या दातांवर येईल.

चाकं काढताना सावध. जुन्या विलिस जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. मला हे माहीत नव्हतं. पान्याला चार फुटी पाइप घालून मी अख्ख्या वजनानिशी लोंबकळलो आणि एकापाठोपाठ दोन स्टड तोडले. तिसऱ्याचं टोक पुसलं, तेव्हा त्यावर कोरलेलं ‘एल’, म्हणजे लेफ्ट, दिसलं.

चेसिस सरळ आहे का

इथे लेझर-बिझर लागत नाही. सपाट फरशी, ओळंबा आणि खडू पुरे. चेसिस घोड्यांवर पातळीत ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पिनांच्या भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा. मग चेसिस विसरा आणि खुणांचे कर्ण मोजा. दोन्ही कर्णांत तीनेक मिलिमीटरचा फरक चालतो. पंधरा-वीस निघाला तर चेसिस हिऱ्याच्या आकारात तिरकी झाली आहे. अशी गाडी रस्त्यावर कायम खेकड्यासारखी चालते.

तडा शोधायची जुनी युक्ती अजूनही कामाची आहे. स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा आणि पाट्यांचे हँगर तारेच्या ब्रशने चकचकीत करा, रॉकेल लावा, कोरडं पुसा आणि वर खडू फासा. थोड्या वेळाने तड्यात मुरलेलं रॉकेल खडूवर काळसर रेघ उमटवतं. तड्याच्या टोकाला छोटं भोक पाडा म्हणजे तो पुढे धावणार नाही, मग खाच करून वेल्डिंग करा. वर पट्टी लावायची तर तिची टोकं निमुळती, शंकरपाळ्याच्या आकाराची कापा. चेसिसवर आडवं, सरळ वेल्डिंग केलं की पुढचा तडा नेमका त्याच रेषेत जातो.

आधी नुसतं मांडून बघा

या टप्प्यावर घाई केली की पुढे रडावं लागतं. पाटे, अ‍ॅक्सल, टायर सगळं जोडा, पण अ‍ॅक्सलवरच्या पाट्यांच्या बैठकांना फक्त वेल्डिंगचे टाके मारा. पूर्ण वेल्डिंग तेव्हाच, जेव्हा चेसिसवर गाडीचं खरं वजन असेल. इंजिन नसेल तर त्याच्या जागी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवा. पाटे वजनाने बसले की पिनियनचा कोन बदलतो, आणि आपल्याला तोच कोन हवा असतो. दोन साधे क्रॉस (वाकते सांधे) असलेल्या प्रोपेलर शाफ्टला ट्रान्सफर केसची आणि पिनियनची रेषा समांतर लागते. ती चुकली तर गाडी ठरावीक वेगाला थरथरते आणि तुम्ही महिनाभर चाकांचं बॅलन्सिंग करत बसता.

टायर कुठे घासतात ते बघायला पाट्यांमधलं फक्त मुख्य पान ठेवा, बाकीची काढा. आता जॅकने एक चाक पूर्ण वर आणि दुसरं पूर्ण खाली नेता येतं. याच वेळी शाफ्टचा सरकता जोड बघा: चाक पूर्ण खाली असताना तो निसटायला नको, पूर्ण वर असताना ठेचायला नको. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवा आणि ब्रेकचे होजही ताणून बघा.

टायरबद्दल माझं मत सांगतो. एकतीस इंची पुरे. छत्तीस इंची चाकं फोटोत झकास दिसतात, आणि नंतर जुन्या अ‍ॅक्सलचे शाफ्ट खडूसारखे मोडतात.

मग इंजिन

आता हिशेब करता येतो. पहिला गिअर २.८०, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि अ‍ॅक्सल ५.३८ यांचा गुणाकार साधारण ३७ येतो. इंजिनाच्या ३७ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा, म्हणजे दगडांवरून गाडी पावलं मोजत चालेल. त्याच अ‍ॅक्सलवर एकतीस इंची टायर आणि टॉप गिअर थेट (१:१) असेल, तर ३,००० आरपीएमला वेग ताशी ८० किलोमीटरच्या जरासा वर. लांबच्या प्रवासाला हे कंटाळवाणं आहे. रानात उत्तम आहे. विलिसच्या मूळ २.२ लिटर इंजिनाची ताकद ६० अश्वशक्ती होती आणि तेवढ्यावर ती कुठेकुठे गेली हे सगळ्यांना माहीत आहे. ताकदीपेक्षा लांबी मोजा. विलिस एमबीचा व्हीलबेस ८० इंच, सीजे-५ चा १९७१ पर्यंत ८१. इंजिन-गिअरबॉक्स जितका लांब, तितका मागचा शाफ्ट आखूड आणि त्याचा कोन तिखट.

जिथे भंगार चालत नाही

ब्रेकचे होज, पाइप, मास्टर सिलिंडर, क्रॉस, बेअरिंग आणि स्टिअरिंगचे बॉल जॉइंट नवे घ्या. जुन्या जीपमध्ये एकाच सर्किटचे ब्रेक होते. एक पाइप फुटला की पेडल थेट फरशीला. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवा. स्टिअरिंग आर्म तापवून वाकवू नका, त्यावर वेल्डिंगही नको. कोणी ‘होतंय की’ म्हणाला तर त्याला आधी स्वतःच्या गाडीत करायला सांगा.

रोल केजचे (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्याचे) पाय पत्र्यावर टेकवू नका, ते चेसिसपर्यंत न्या. सीटबेल्टचे अँकरही तिथेच. जुनी पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. तिला वेल्डिंगची ठिणगी लागली की बॉम्बच. मी सरळ नवी टाकी बसवतो. गाडीवर कुठेही वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढा, अल्टरनेटर वाचेल. एमबीचं मूळ वायरिंग सहा व्होल्टचं होतं. ते उपटून काढा आणि बारा व्होल्टचं सुटसुटीत टाका, प्रत्येक तारेला फ्यूज देऊन.

पहिली चक्कर

मोकळ्या मैदानात, लो गिअरमध्ये, आधी ब्रेक. दहाएक किलोमीटरनंतर उतरून प्रत्येक हबला हात लावा. एकच हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तिथलं बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक चिकटतोय. पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या चक्करीनंतर हमखास सैल होतात. आवळून नटांवर रंगाची रेघ मारा, म्हणजे पुढच्या वेळी सरकलेला नट लगेच दिसतो. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग बघा: मध्यावरचा काळा इंजिनाचा, घट्ट आणि उग्र वासाचा गिअर तेलाचा. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट थेंब दिसला तर तो ब्रेक ऑइलचा, आणि त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.