ई-पबची मांडणी एका रीडरवर नीट, दुसऱ्यावर विस्कटते तेव्हा

ई-पब फाइल, म्हणजे ई-पुस्तक, ही झिपमध्ये बांधलेली वेबपानं असतात, हे खरं. पण ती उघडणारं प्रत्येक सॉफ्टवेअर ब्राउझरसारखं वागेल असं धरून चाललात की घोटाळा सुरू होतो. थोरियम रीडर आणि कॅलिबरचा व्ह्यूअर क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या इंजिनवर चालतात, ॲपल बुक्स वेबकिटवर, म्हणजे सफारीच्या. केओरीडर या वाचन-ॲपचं इंजिन, सीआरइंजिन, ब्राउझरच्या कुळातलं नाहीच. बऱ्याच ई-इंक उपकरणांत ॲडोबीचं आरएमएसडीके हे इंजिन असतं, आणि त्याची सीएसएसची, म्हणजे मांडणीचे नियम लिहिण्याच्या भाषेची, समज फार जुनी आहे. किंडल तुमची फाइल आधी स्वतःच्या फॉरमॅटमध्ये बदलतं आणि मग दाखवतं. कोबोच्या तर एकाच यंत्रात दोन इंजिनं: साधी ई-पब आरएमएसडीकेकडे जाते, केपब (कोबोचा स्वतःचा ई-पब प्रकार) एक्स्टेन्शन लावलेली फाइल वेबकिटच्या जातीच्या इंजिनकडे. त्यामुळे ‘कोबोवर बिघडलंय’ अशी तक्रार आली तर आधी विचारायचं, कुठल्या एक्स्टेन्शनची फाइल टाकली होती?

काम सुरू करताना सीएसएसच्या दोन फाइली करा. पहिली पायाची. तिच्यात मार्जिन, पॅडिंग, टेक्स्ट-अलाइन, टेक्स्ट-इंडेंट, बॉर्डर, ठळक-तिरकं आणि पेज-ब्रेक एवढंच, म्हणजे सीएसएस २.१ च्या आतलं. दुसरी सजावटीची: फ्लेक्स आणि ग्रिड (डबे शेजारी मांडण्याच्या नव्या पद्धती), मीडिया क्वेरी (पडद्याच्या मापानुसार लागणारे नियम), कॅल्क, व्हेरिएबल, व्हीएच (खिडकीच्या उंचीवरून ठरणारं माप), रेम हे सगळं तिच्यात. प्रत्येक एक्सएचटीएमएल पानाच्या हेडमध्ये आधी पायाची जोडा, मग सजावटीची. एकाच फाइलमध्ये भागत नाही, कारण न समजणारी ओळ सोडून पुढे जावं हा ब्राउझरचा नियम आरएमएसडीके नेहमी पाळत नाही. नवी रचना दिसली किंवा एखादा महिरपी कंस राहिला, तर ते अख्खी स्टाइलशीट टाकून देऊ शकतं, आणि पुस्तक अगदी नागडं उघडतं. फाइली वेगळ्या असल्या की सजावट गेली तरी पाया उरतो.

सजावटीच्या फाइलमध्ये फ्लेक्सचे नियम सपोर्ट्स नियमाच्या आत गुंडाळा. मात्र त्यावर फार विसंबू नका. इंजिनला फ्लेक्स हा शब्द कळतो, एवढंच त्या चाचणीतून समजतं. फ्लेक्सचा डबा दोन पानांत नीट तुटेल की नाही, ते समजत नाही. नेमकं तिथेच अडतं. ब्राउझरवर बेतलेले बहुतेक रीडर पानं पाडण्यासाठी सीएसएसचे कॉलम वापरतात: सगळं प्रकरण एक लांब आडवी पट्टी, आणि प्रत्येक पान म्हणजे त्यातला एक कॉलम. उंच फ्लेक्स किंवा ग्रिड डबा कॉलमच्या तळाशी आला की कुठे कापला जातो, कुठे पुढच्या पानावर उडी मारून मागे अर्धं पान रिकामं ठेवतो. म्हणून पानापेक्षा उंच होऊ शकणारं काहीही फ्लेक्समध्ये ठेवू नका. दोन लहान गोष्टी शेजारी बसवण्यापुरतं ते ठीक.

नेहमी अडणारी ठिकाणं अशी.

चित्राशेजारी मजकूर: पायाच्या फाइलमध्ये चित्र मधोमध, ब्लॉक, मॅक्स-विड्थ १०० टक्के, वरखाली १ एम (म्हणजे अक्षराच्या मापाएवढं) मार्जिन. फ्लोट, म्हणजे चित्र उजवीकडे आणि मजकूर त्याच्या बाजूने, फक्त सजावटीच्या फाइलमध्ये, किमान रुंदी ३५ एम अशा मीडिया क्वेरीच्या आत: फिगरला रुंदी ४० टक्के, डावीकडे १ एम मार्जिन, आतल्या चित्राला १०० टक्के. पुढच्या शीर्षकाला क्लिअर बोथ द्या, नाहीतर तेही चित्राला वळसा घालतं. वाचकाने अक्षर मोठं केलं की उरलेल्या ६० टक्क्यांत ओळीला तीन शब्द बसतात आणि जस्टिफाय केलेल्या मजकुरात भगदाडं पडतात. अशा परिच्छेदाला डावं अलाइनमेंट द्या.

मुखपृष्ठावरचं उभं मध्य-संरेखन: फ्लेक्स आणि १०० व्हीएच ही जोडी पुष्कळजण वापरतात आणि पुढे एक कोरं पान पाहतात. व्हीएच बऱ्याचदा पूर्ण खिडकीची उंची मोजतं, रीडरने वरखाली सोडलेली जागा त्यातून वजा होत नाही. त्याऐवजी शीर्षकाला वरून २० टक्के मार्जिन द्या. टक्क्यांतलं मार्जिन रुंदीवरून मोजलं जातं, त्यामुळे आडव्या फोनवर ते जरा जास्त वाटेल. ३० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका.

पूर्ण पानाचं चित्र: मॅक्स-हाइट सगळीकडे पाळलं जाईलच असं नाही. चित्र एसव्हीजी या चित्र-टॅगच्या आत ठेवा, व्ह्यूबॉक्समध्ये चित्राची खरी पिक्सेल मापं, रुंदी आणि उंची १०० टक्के. ई-पब ३ मध्ये ओपीएफ फाइलच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे पुस्तकातल्या फाइलींच्या यादीत, त्या पानाला प्रॉपर्टीज म्हणून एसव्हीजी लिहायला विसरू नका. ई-पबचेक हे तपासणीचं साधन त्याच चुकीवर बोट ठेवतं.

शब्द आणि अर्थ अशी दोन रकान्यांची यादी: पायात डीएल (व्याख्यांची यादी) घटक, त्यातल्या डीडीला, म्हणजे अर्थाला, डावीकडे १.५ एम मार्जिन. रकाने हवेतच असतील तर डिस्प्ले टेबल आणि टेबल-सेल फ्लेक्सपेक्षा जास्त ठिकाणी चालतं.

नवं प्रकरण नव्या पानावर: प्रत्येक प्रकरणाची वेगळी एक्सएचटीएमएल फाइल. इतका भरवशाचा पान-तोड दुसरा नाही. चौकट तुटू नये म्हणून पायात पेज-ब्रेक-इनसाइड अव्हॉइड लिहा, सजावटीत ब्रेक-इनसाइड आणि वेबकिट-कॉलम-ब्रेक-इनसाइड हेही.

ड्रॉप कॅप, म्हणजे परिच्छेदाचं मोठं पहिलं अक्षर, देवनागरीत शक्यतो टाळाच. सीएसएसच्या फर्स्ट-लेटरला जोडाक्षर आणि मात्रा एकत्र धरता येतात की नाही, हे इंजिनागणिक बदलतं. ठेवायचाच असेल तर ‘स्त्री’सारखं पूर्ण अक्षर हाताने स्पॅनमध्ये घाला. लेटर-स्पेसिंग तर नकोच, शिरोरेषा तुटते.

आता जे लिहायचंच नाही. बॉडीला फॉन्ट-साइज आणि काळा रंग देऊ नका: पहिल्याने वाचकाच्या सेटिंगशी भांडण होतं, दुसऱ्याने रात्रीच्या मोडमध्ये काळ्यावर काळं उमटतं. पारदर्शक पीएनजीतल्या काळ्या रेघांचंही तेच होतं, त्या चित्रामागे पांढरा थर भरा. मजकुराची मापं एममध्ये द्या, पिक्सेलमध्ये नाही. ऋण मार्जिनमुळे काठाची अक्षरं कापली जातात. डायरेक्शन आणि युनिकोड-बायडी हे गुणधर्म ई-पबच्या सीएसएसमध्ये चालत नाहीत, दिशा एक्सएचटीएमएलमध्ये लिहायची.

तपासणीची सुरुवात स्टाइलशीट काढूनच करा. दोन्ही लिंक कॉमेंट करून पुस्तक उघडा. मजकुराचा क्रम बरोबर वाचता आला पाहिजे. तळटीप भलत्या ठिकाणी दिसली तर दोष मार्कअपचा आहे, सीएसएसने तो फक्त झाकला होता. मग पाया एकटा, मग दोन्ही. थोरियम, ॲपल बुक्स, केओरीडर, किंडल प्रीव्ह्यूअर ३ आणि ॲडोबी डिजिटल एडिशन्स एवढ्यांत पाहा. थोरियम आणि कॅलिबर दोन्हींत जमलं म्हणजे एकाच इंजिनची दोनदा परीक्षा झाली, हे ध्यानात ठेवा. प्रत्येक ठिकाणी सर्वांत लहान, मूळ आणि सर्वांत मोठं अक्षर. उजेडाचा आणि अंधाराचा मोड. उभा आणि आडवा पडदा. ई-पबचेक जरूर चालवा, पण ते फाइल नियमात आहे का तेवढं सांगतं, पान कसं दिसेल ते नाही.

एका ठिकाणीच बिघाड असेल तर सजावटीच्या फाइलचा अर्धा भाग कॉमेंट करा, मग उरलेल्याचा अर्धा. पाच-सहा फेऱ्यांत दोषी नियम सापडतो. प्रत्येक फेरीत जुनी प्रत लायब्ररीतून काढून मगच नवी टाका. काही रीडर आधीची मांडणी साठवून ठेवतात, आणि मग दुरुस्त झालेली चूक तासभर शोधत बसावं लागतं.