मांजराची ओळख डीएनएवरून कशी पटवावी

दोन काळे बोके शेजारी बसले तर कधीकधी घरच्यांनाही फरक सांगता येत नाही. डीएनएवरून तो सांगता येतो, पण त्यासाठी तुलनेला आधीचा नमुना लागतो. म्हणून मांजर घरात सुखरूप असतानाच त्याची चाचणी करून ठेवा.

आधी प्रयोगशाळेला एक प्रश्न विचारा: अहवालात प्रत्येक मार्करचे, म्हणजे ओळखीसाठी तपासलेल्या डीएनएच्या प्रत्येक ठरावीक तुकड्याचे, आकडे मिळतील का? नुसती जात किंवा आजार सांगणारा अहवाल ओळख पटवायला फारसा कामाचा नाही.

नमुना घेण्याआधी अर्धा तास मांजराला खायला देऊ नका. पिल्लू अंगावर पीत असेल तर त्याला तासभर आईपासून दूर ठेवा, नाहीतर आईच्या पेशी नमुन्यात येतात. मांजराला टॉवेलात गुंडाळा आणि स्वॅबच्या कापसाला बोट न लावता तो गालाच्या आतून दहा-पंधरा सेकंद फिरवत घासा. नुसती लाळ पुरत नाही, गालाच्या पेशी हव्यात. मग स्वॅब हवेवर पूर्ण वाळवा. पावसाळ्यात याला वेळ लागतो, पण घाई करू नका. ओला स्वॅब प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला की बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. कागदी पाकीटच वापरा आणि त्यावर मांजराचं नाव लगेच लिहा. घरात दुसरं मांजर असेल तर हात धुऊन, नवा स्वॅब घेऊन मगच त्याच्याकडे वळा.

केस पाठवायचे तर मुळासकट हवेत. सोफ्यावर गळून पडलेल्या केसातून बहुधा फक्त मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाचा, डीएनए मिळतो. तो आईकडून येतो, त्यामुळे सख्ख्या भावंडांत सारखाच असतो. त्यावरून ‘हे ते मांजर नाही’ असं म्हणता येईल, ‘हेच ते’ असं नाही.

प्रयोगशाळेत डीएनएचे हे ठरावीक तुकडे, म्हणजे मार्कर, पीसीआरने वाढवतात, म्हणजे त्यांच्या असंख्य प्रती काढतात. करोनामुळे हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. या तुकड्यांत डीएनएची काही अक्षरं पुन्हापुन्हा येतात आणि ती किती वेळा येतात ते मांजरागणिक बदलतं. अहवालात प्रत्येक मार्करचे दोन आकडे असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. आधीचा आणि आताचा असे दोन्ही अहवाल ओळीने ताडून पाहा. बऱ्याच ठिकाणी फरक दिसला तर मांजरं वेगळी. एकाच ठिकाणी दिसला तर चाचणी पुन्हा करून घ्या. नमुना कमजोर असेल तर एखादा आकडा गळतो.

आकडे जुळले, तरी योगायोगाची शक्यता तपासावी लागतेच. याचं उत्तम उदाहरण कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या खुनाच्या खटल्याचं आहे. 1994 मधल्या या खुनाच्या तपासात रक्ताळलेल्या जाकिटावर पांढरे केस सापडले. संशयिताच्या घरी स्नोबॉल नावाचं पांढरं मांजर होतं. अमेरिकेत स्टीफन ओब्रायन आणि मेरिलिन मेनोटी-रेमंड या जनुकशास्त्रज्ञांनी एका केसाच्या मुळातला डीएनए स्नोबॉलच्या रक्ताशी ताडला. 10 मार्कर जुळले. पण बेटावरची मांजरं एकमेकांची जवळची नातलग असती, तर त्या जुळण्याला फारशी किंमत उरली नसती. म्हणून तिथल्या सुमारे 20 मांजरांचं रक्त तपासलं, त्यांच्यात पुरेसं वैविध्य निघालं, आणि 1996 मध्ये आरोपी दोषी ठरला. तुमच्या प्रकरणात दोन भावंडांचा वाद असेल तर जास्त मार्करची चाचणी मागा.

हरवलेलं मांजर ओळखायला कातडीखाली बसवलेली मायक्रोचिपच बरी, स्कॅनर फिरवला की नंबर दिसतो. डीएनए उपयोगी पडतो तो मालकीचा किंवा पिल्लांच्या बापाचा वाद झाला तर. अशा वेळी स्वॅब स्वतः घेऊ नका. पशुवैद्याकडून घ्या आणि त्याच वेळी चिप वाचून तिचा 15 आकडी नंबर अर्जावर लिहून घ्या.