320डी, 330आय की एम340आय? थ्री सिरीजच्या इंजिनांची तुलना करताना या चुका टाळा

बीएमडब्ल्यू थ्री सिरीजचं जी20 (हे कंपनीचं पिढीसाठीचं सांकेतिक नाव) मॉडेल घ्यायचं म्हटलं, नवं असो की सेकंडहँड, की पहिला घोळ इंजिनवरूनच होतो. सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "320डी ला पण 400 एनएम आणि 330आय ला पण 400 एनएम, मग पिकअप सारखाच ना?"

नाही, सारखा नाही. टॉर्कचा (इंजिनच्या फिरवण्याच्या जोराचा, एनएममधला) आकडा बघताना तो किती आरपीएमपर्यंत (इंजिनचे मिनिटाला फेरे) टिकतो ते बघायचंच असतं. 320डी चा 400 एनएम 1750 ते 2500 पर्यंत, 330आय चा 1550 पासून थेट 4400 पर्यंत. आता साधं गणित करा, टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 7024 केलं की पीएस (पॉवरचं युरोपातलं माप) मिळतात. डिझेल 320डी 2500 ला त्याच 400 एनएमवर साधारण 142 पीएस देते आणि पेट्रोल 330आय 4400 ला 250 च्या आसपास, म्हणून तर एकाची कमाल पॉवर 190 आणि दुसऱ्याची 258, आणि 0 ते 100 ला कंपनीचेच आकडे 6.8 आणि 5.8 सेकंद. पण शहरात, सिग्नलवरून 40-50 पर्यंत जाताना 320डी अजिबात कमी वाटत नाही, आणि ज्याचं रनिंग भरपूर आहे त्याने डिझेलला नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, बॅजवर, म्हणजे गाडीच्या मागे लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. जुन्या ई46 पिढीच्या काळात 330आय म्हणजे खरंच तीन लिटर सहा सिलिंडर होतं, आता ते दोन लिटर चार सिलिंडर टर्बो आहे. सहा सिलिंडर हवं तर एम340आय.

आणि युनिटचा गोंधळ तर विचारू नका. एम340आय कुठे 374 लिहिलेली दिसते, कुठे 382, कुठे 387, आणि लोक भांडत बसतात. 374 पीएस हे युरोपचं ट्यूनिंग, तर 387 पीएस आणि अमेरिकेतले 382 एचपी (तिथली हॉर्सपॉवर) म्हणजे एकच, दोन्ही 285 किलोवॅट. तसंच अमेरिकेचा 0 ते 60 मैल म्हणजे 96.6 किलोमीटर, शिवाय तिथली मासिकं बऱ्याचदा गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ चालू करतात. तो आकडा आपल्या 0 ते 100 शेजारी ठेवला की तुलना तिथेच फसली.

भारतात अजून एक गोष्ट. इथे 330एलआय आणि 320एलडी म्हणून आलेल्या गाड्यांचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 110 मिलिमीटरने लांब आहे, त्यांचे 0 ते 100 चे आकडे 6.2 आणि 7.6 सेकंद. छोट्या व्हीलबेसच्या गाड्यांचे 5.8 आणि 6.8 यांना चिकटवू नका. एम340आय मात्र इथेही छोट्या व्हीलबेसवरच आली, वर चारही चाकांना पॉवर, त्यामुळे तिच्या 0 ते 100 च्या 4.4 सेकंदातला काही भाग नुसत्या ग्रिपचा आहे, सुटताना चाकं जागीच घसरून फिरत नाहीत. म्हणून 0 ते 100 पेक्षा 80 ते 120 बघा, ओव्हरटेकला तेच कामाला येतं आणि इंजिनांमधला खरा फरक तिथे कळतो.

आता तुमच्या गाडीचं टायमिंग कंपनीच्या आकड्याजवळ येतच नसेल तर लगेच इंजिनला दोष देऊ नका. स्पीडोमीटरवरून घेतलंय का? तो खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, जीपीएसवालं यंत्र लावा आणि दोन्ही दिशांनी रन घेऊन सरासरी काढा, कारण डोळ्यांना न दिसणारा चढ पण आकडा बदलतो. पेट्रोल कुठलं भरलंय ते बघा, कमी ऑक्टेनवर नॉक सेन्सर (इंजिनातली ठोठावणारी चुकीची पेट ओळखणारा) इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ मागे घेतो आणि पॉवर पडते. मे महिन्याच्या दुपारी लागोपाठ रन मारले तर इंटरकूलर (टर्बोमधून येणारी हवा थंड करणारा भाग) तापतो, तिसरा रन पहिल्यापेक्षा हळू येणारच, मध्ये गाडी थंड होऊ द्या. टायर प्रेशर, फुल टाकी, मागे बसलेले दोघं, हे सगळं दोन्ही गाड्यांत सारखं ठेवा, आणि हे सगळं ट्रॅकवर करा, एक्स्प्रेसवेवर नको. टेस्ट ड्राइव्हला गेलात तर दोन्ही गाड्या एकाच मोडमध्ये चालवा, एक कम्फर्टमध्ये आणि दुसरी स्पोर्टमध्ये घेतली तर गिअरबॉक्स आणि थ्रॉटलचा फरक तुम्ही इंजिनच्या खात्यात टाकाल.